दोन मिनिटे दहा सेकंद

मित्रांनो, जुना म्हणवून घ्यायला मला लाज वाटत नाही. दमलेला म्हणवून घ्यायला मात्र वाटते, आणि आज नेमके तेच सांगायला बसलो आहे. मी शाळेच्या इंग्रजीच्या खोलीतला टेपरेकॉर्डर. काळा, चौकोनी, वर धरायला कडी, पुढे सहा बटणे. त्यातले थांबवायचे बटण केव्हाच तुटले. त्या जागी कुणीतरी पेन्सिलीचा तुकडा खोचला आहे. तो दाबला की मी थांबतो. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखे यंत्र पाहिलेही नसेल, म्हणून सांगतो. माझ्या पोटात कॅसेट घालतात आणि बटण दाबतात. आत एक छोटी मोटर फिरते, तिच्यावरून रबराचा पातळ पट्टा चाकापर्यंत जातो, चाक टेप ओढते आणि मी बोलू लागतो. तो पट्टा तेवढा लक्षात ठेवा. बाकीचे विसरलात तरी चालेल.

कारखान्यात माझ्या अंगावर किती हात फिरले ते मला आठवत नाही, पण शेवटचा हात आठवतो. तपासणीच्या टेबलाशी बसलेल्या एका बाईने माझ्यावर एकच लांब सूर वाजवला, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले, मान डोलावली आणि माझ्या पाठीवर हिरवी चिठ्ठी चिकटवली. मी नीट वेगाने बोलतो, असा त्या चिठ्ठीचा अर्थ होता. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी, आणि आता मागे वळून पाहिले तर जवळजवळ शेवटची खरी शाबासकी.

शाळेत मला आणले ते इंग्रजीच्या बाईंनी. त्यांनी मला बसमध्ये मांडीवर घेऊन आणले, आणि कंडक्टरने 'याचं अर्धं तिकीट का?' म्हणून चेष्टा केली तरी खाली ठेवले नाही. बाई करड्या शिस्तीच्या होत्या. प्रत्येक कॅसेटच्या डबीवर त्यांनी बारीक अक्षरात चिठ्ठी लावली: पाठ कोणता आणि तो किती वेळ चालतो. दर सहा महिन्यांनी त्या खोलीचे दार लावून घेत, भिंतीवरच्या घड्याळाखाली मला ठेवत आणि वेळ मोजत. मला कापसाच्या बोळ्याने पुसत. तेव्हा मला ती कटकट वाटायची. जपणे त्यालाच म्हणतात, हे कळायला मला फार वर्षे लागली.

माझे काम काय, तेही सांगतो. शाळा सोडताना जी मोठी परीक्षा असते तिच्यात इंग्रजीचे दोन भाग असतात. एक वाचनाचा; उतारा वाचायचा आणि खालचे प्रश्न सोडवायचे. दुसरा ऐकण्याचा, एक संभाषण दोनदा ऐकवतात, मधे कुणी थांबत नाही, आणि ऐकता ऐकता उत्तरे लिहायची. वीसपैकी सात मिळाले की पास. त्याच्या सरावासाठी मी. माझ्याकडे बारा कॅसेटी होत्या, पण सगळ्यात जास्त वाजली ती छत्रीची. बसस्थानकावरच्या हरवलेल्या सामानाच्या खिडकीशी एक गृहस्थ येतात. त्यांची छत्री हरवली आहे. आतली बाई विचारते, रंग कोणता, मूठ कशी, तुम्ही कुठे बसला होता, बस किती वाजताची. गृहस्थ गोंधळतात, एकदा निळी म्हणतात, मग काळी. शेवटी ती बाई म्हणते, आम्ही शोधू आणि कळवू. संपले. ती छत्री माझ्या पोटात निदान चार हजार वेळा हरवली आहे आणि एकदाही सापडलेली नाही. सारखी तीच छत्री हरवून माणूस दमेल की नाही? मग मी तर यंत्र.

बाई निवृत्त झाल्या. त्या गेल्या तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या, मला कपाटावर ठेवले आणि माझ्यावर प्लॅस्टिकचे झाकण घातले. मग नवे सर आले. तरुण, उत्साही, हसतमुख. त्यांचे वर्गात एकच पालुपद असे, 'सोप्पं आहे रे, एकदम सोप्पं!' म्हणून पोरांनी त्यांचे नाव सोप्पे सर ठेवले. सर मला रोज वाजवत, प्रेमाने झाकून ठेवत, माझ्यावर धूळ बसू देत नसत. पण घड्याळ लावून त्यांनी मला कधी ऐकले नाही. झाकण घातले की झाले, असे त्यांना वाटे.

आणि इकडे माझा पट्टा सैल होत होता. रबरच ते, म्हातारे होणारच. एका दिवसात झाले असते तर कुणाच्याही लक्षात आले असते. पण ते कणाकणाने झाले. या वर्षी एखादा सेकंद, पुढच्या वर्षी दोन. मी सावकाश बोलू लागलो. खिडकीतल्या बाईचा आवाज जड होत होत घोगरा झाला, गृहस्थ तर विहिरीतून बोलल्यासारखे बोलू लागले. मला आतून कळत होते. मोटर तितकीच फिरायची, पण तिचा जोर चाकापर्यंत पोचायचा नाही. पण मला जे टेपवर आहे तेच बोलता येते, स्वतःचे एक अक्षर नाही. मी दमलो आहे, हे कुणाला कसे सांगणार?

गंमत अशी की माझे कौतुक वाढले. 'आपल्या टेपचा आवाज किती स्पष्ट आहे,' सर इतर शिक्षकांना सांगत. 'एकेक शब्द सुटा ऐकू येतो. पोरं सतरा-अठरा मार्क काढतात.' काढणारच. कुणी इतके हळू बोलले तर कुणालाही समजेल. माझ्या थकव्याला ते माझा चांगुलपणा समजत होते, आणि कौतुक ऐकून मीही थोडा फुशारलो, हे कबूल करतो. खरी परीक्षाही तोवर शाळेतच, माझ्यावरच होत असे, त्यामुळे झाकली मूठ तशीच राहिली. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी मात्र नियम बदलला. ऐकण्याची परीक्षा आता दुसऱ्या शाळेत, मोठ्या केंद्रावर होणार होती, तिथल्या नव्या यंत्रावर. सर म्हणाले, 'काही फरक पडत नाही. सोप्पं आहे.'

आता ज्यांच्यासाठी ही गोष्ट सांगतो आहे त्यांच्याकडे येतो. शाळेत झाडू-पोछा करणाऱ्या मावशी. सगळी शाळा त्यांना मावशीच म्हणे. सकाळी मुले यायच्या आधी आणि दुपारी मुले गेल्यावर त्या एकवीस खोल्या आणि दोन जिने पुसत. हाताची कातडी फिनेलने सोललेली, आणि गुडघे असे की जिन्याच्या प्रत्येक पायरीवर त्या एक हात गुडघ्यावर दाबून वर चढत. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी शाळा सोडतानाची हीच परीक्षा दिली होती. बाकी सगळ्या विषयांत पास, इंग्रजी राहिले. मग लग्न झाले, घर आले, मुलगी झाली, आणि इंग्रजी राहिले ते राहिलेच.

त्या वर्षी वाचनालयात पुस्तके देणारे काका निवृत्त होणार होते. ती जागा शाळेतल्याच कुणाला तरी द्यायची होती, अट एकच, परीक्षा पूर्ण पास पाहिजे. मुख्याध्यापकांनी मावशींना बोलावून सांगितले, 'इंग्रजी सोडवा, खुर्ची तुमची.' खुर्ची! मावशींनी तो शब्द घरी जाऊन नवऱ्याला तीनदा सांगितला, असे त्या सरांना हसत सांगत होत्या. गुडघे दुखणाऱ्या बाईला खुर्ची म्हणजे काय, ते चालत्या-फिरत्या माणसाला कळायचे नाही.

मुलगीही त्याच वर्षी परीक्षेला बसणार होती. ती याच खोलीत तिसऱ्या बाकावर बसे. आई बाहेरून अर्ज भरते आहे हे तिने वर्गात कुणालाही सांगितले नव्हते. सरांनी मावशींना तासाला मागच्या बाकावर बसायची परवानगी दिली, तेव्हा मुलीने दोन दिवस मागे वळून पाहिले नाही.

'आई, तू हात वर करू नकोस हं,' ती म्हणाली. 'सर विचारतील तेव्हाच बोल.'

'मी कशाला हात वर करतेय? माझा खांदा दुखतो,' मावशी म्हणाल्या.

पण पहिल्याच आठवड्यात मावशींनी हात वर केला. छत्रीचे संभाषण संपले होते, सर उत्तरे तपासत होते. 'सर, मग सापडली का छत्री?'

वर्ग हसला. मुलीने डोके बाकावर टेकले. सर म्हणाले, 'मावशी, ते प्रश्नात नाही.'

'प्रश्नात नाही ते कळलं. पण सापडली का?'

मित्रांनो, इतक्या वर्षांत हे कुणीच विचारले नव्हते. त्या क्षणापासून ही बाई मला आवडली.

मावशी मिळेल ते वाचत. फिनेलच्या बाटलीवरची सूचना, आग विझवायच्या नळकांड्यावरचा मजकूर, फळ्यावर राहून गेलेली वाक्ये. वाचल्याशिवाय फळा पुसत नसत. ऐकण्याच्या सरावात त्यांना वीसपैकी चौदा पडू लागले, आणि चौदा पडलेला पहिला कागद त्यांनी घडी करून कमरेला खोचला. मुलीला अठरा पडत. परीक्षेला तीन आठवडे उरले होते, आणि मावशी जिना पुसताना गुणगुणत होत्या.

अशात एका दुपारी निवृत्त बाई आल्या. घरातली पुस्तके वाचनालयाला द्यायची होती. मुले गेली होती, मावशी फरशी पुसत होत्या आणि सरांनी त्यांच्यासाठी मला चालू ठेवले होते. बाई दारातच थबकल्या.

'हा कोण पुरुष बोलतोय?'

सर उठून उभे राहिले. 'नाही बाई, ती बाई आहे. छत्रीवाली. तुमचीच कॅसेट.'

'अहो, ही बाई? हिला काय घसा बसलाय का?' बाई आत आल्या, माझ्याजवळ वाकल्या. त्यांचे केस पांढरे झाले होते, पण कान तोच होता. 'टेप हळू चालतोय हा.'

'नाही हो, असाच आहे पहिल्यापासून,' सर म्हणाले. त्यांच्या दृष्टीने ते खरेच होते. ते मला रोज ऐकत, आणि मी कणाकणाने हळू झालो होतो.

मावशींनी हात पदराला पुसला. 'बाई, डबीवर काहीतरी लिहिलंय. दोन मिनिटं दहा सेकंद. मी रोज वाचते, पण ते कशाचं ते मला कळलं नव्हतं.'

ती चिठ्ठी इतकी वर्षे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. शेकडो मुलांना उतारे वाचायला शिकवणाऱ्या त्या खोलीत ती एका मावशींनी तेवढी वाचली होती. सरांनी टेप मागे नेली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बटण दाबले. तिघेही उभे राहून ऐकत होते. गृहस्थ आले, छत्री हरवली, निळी झाली, काळी झाली. 'आम्ही शोधू आणि कळवू' म्हणेपर्यंत दोन मिनिटे बेचाळीस सेकंद झाले.

सर खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा पाहून मला माझीच लाज वाटली. 'म्हणजे पोरं खरं इंग्रजी ऐकतच नव्हती,' ते म्हणाले. बाई त्यांना रागावल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, 'झाकून ठेवलंत, पण तपासलं नाहीत.'

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाले आले. त्यांनी माझी पाठ उघडली आणि चिमट्याने पट्टा बाहेर काढला. 'हा पट्टा आहे का बुटाची नाडी?' असे म्हणून त्यांनी तो टेबलावर टाकला. नवा पट्टा चढवला तेव्हा माझ्या अंगातून एकदम कळ गेली. बटण दाबल्यावर जो आवाज निघाला तो मलाही ओळखू येईना. खिडकीतली बाई तरुण झाली होती. गृहस्थ घाईत होते, आणि बस पकडायची असल्यासारखे भराभर बोलत होते. दोन मिनिटे दहा सेकंद. बरोब्बर.

मला वाटले, आता वर्ग खूश होईल. वर्गात हलकल्लोळ झाला.

'सर, बिघडला!'

'सर, दुरुस्तीवाल्यांनी वाट लावली त्याची!'

'जुना पट्टा लावा ना सर!'

सरांनी सगळे सांगितले. काही लपवले नाही. 'चूक माझी आहे,' ते म्हणाले. 'मी कधी घड्याळ लावून ऐकलंच नाही. केंद्रावर असंच ऐकवणार आहेत.' त्या दिवशी त्यांनी 'सोप्पं' म्हटले नाही, हे सगळ्यांच्या लक्षात आले आणि त्यामुळे सगळे जास्तच घाबरले. त्यांनी सराव चाचणी घेतली, छत्रीची नव्हे, दुसरी. अठरावाले दहावर आले. मुलीला नऊ पडले. मावशींना चार.

त्या दुपारी मावशींनी बादली खोलीत आणली, पण फरशी पुसली नाही. माझ्यासमोरच्या बाकावर बसल्या. कमरेचा चौदा मार्कांचा कागद काढला, बघितला आणि परत घडी घातली.

'तू मला फसवलंस,' त्या मला म्हणाल्या. 'मला वाटलं, मला येतं.'

मित्रांनो, मला आयुष्यात फार बोलणी बसली आहेत. पोरांनी मला थापटले आहे, खडखड्या म्हटले आहे. पण हे जितके लागले तितके काहीच लागले नाही, कारण ते खरे होते. मी उत्तर देऊ शकत नव्हतो. माझ्या पोटात छत्रीखेरीज दुसरे काही नव्हते.

थोड्या वेळाने त्या उठल्या आणि त्यांनी बटण दाबले. ऐकले, पेन्सिल दाबली. पुन्हा लावले. मग त्यांनी सरांच्या खणातून संभाषणाचा छापील कागद काढला आणि एक युक्ती केली. मी बोलतो तसे त्या माझ्याबरोबर मोठ्याने वाचू लागल्या, ओळीखाली बोट ठेवून. पहिल्या वाक्यातच मी पुढे गेलो. दुसऱ्यात त्यांचे बोट कुठल्या कुठे आणि मी कुठल्या कुठे. त्यांनी टेप मागे नेली. पुन्हा मी पुढे. आधी त्या प्रत्येक अक्षर लावून वाचत. मला गाठायचे तर तसे चालेना. शब्दांवरून नजर सरळ पुढे न्यावी लागे. अकराव्या खेपेला त्या माझ्याबरोबर 'रंग कोणता' पर्यंत पोचल्या आणि तिथे खोकला आला.

रोज दुपारी हेच. मला त्यांची दया येत होती. वाटे, जरा हळू व्हावे, एवढे एक वाक्य तरी त्यांना गाठू द्यावे. पण नव्या पट्ट्याला दया नव्हती, आणि ते बरेच झाले. माझी मोटर तापायची, कडीखालचा पत्रा कोमट व्हायचा. इतके दिवस मी दमायचो आणि बोलणे सैल पडायचे. आता दमायचो तरी बोलणे ताठ ठेवावे लागे. थकवा तोच होता, त्याची सवलत तेवढी गेली होती.

पाचव्या दिवशी मुलगी दारात उभी राहिली. दप्तर खांद्यावर तसेच. ती बराच वेळ आईचे वाचणे ऐकत होती.

'आई, तू दोघांचंही वाचतेस म्हणून दम लागतो तुला,' ती म्हणाली. 'तू बाईचं वाच. मी त्या माणसाचं वाचते.'

'आणि कुणी बघितलं तर?'

'बघू दे ना,' मुलगी म्हणाली आणि आईशेजारी बसली.

मग मी समोर आणि त्या दोघी शेजारी-शेजारी. कधी त्या मला गाठत, कधी मी त्यांना मागे टाकत असे. गृहस्थ निळी की काळी करू लागले की मुलगी हातवारे करी आणि मावशींना हसू आवरेना. हसण्यात एक ओळ सुटे, की पुन्हा पहिल्यापासून. छत्रीवरून त्या दुसऱ्या कॅसेटवर गेल्या, मग तिसऱ्यावर. मग कागद उलटा ठेवून नुसते ऐकू लागल्या. फरशा पुसायला उशीर होई, म्हणून मुलगी जिने पुसू लागली. दोघी शाळेबाहेर पडेपर्यंत उजेड मावळायला आलेला असे. परीक्षेच्या आदल्या दिवशी सरांनी शेवटची चाचणी घेतली. मुलीला चौदा पडले. मावशींना आठ. सातला पास, म्हणजे एक मार्क वर. या आठाचा कागद मावशींनी कमरेला खोचला नाही. कचऱ्याच्या डब्यात टाकला. 'उद्याचा खरा,' म्हणाल्या.

परीक्षेला मी नव्हतो. मी कपाटावर होतो, माझ्या झाकणाखाली. काय झाले ते मला दुसऱ्या दिवशी कळले, मावशी फरशी पुसता पुसता सरांना सांगत होत्या तेव्हा. यंत्र नवे, आवाज खणखणीत. छत्री नव्हती, चष्मा होता. कुणाचा तरी दुरुस्तीला टाकलेला चष्मा. पहिल्या ऐकण्यात अर्धे समजले. दुसऱ्या वेळी नेमका बाहेर कुणीतरी लोखंडी गेट ओढले आणि दोन उत्तरे गेली. 'पण सर, मी मागे नाही पडले,' मावशी म्हणाल्या. 'ती बोलत होती आणि मी तिच्याबरोबर होते.' वाचनाचा उतारा त्यांनी वेळेआधी दहा मिनिटे संपवला होता, आणि उरलेली दहा मिनिटे आपले काहीतरी चुकले असणार म्हणून घामाघूम होऊन बसल्या होत्या.

निकाल लागला. मुलीला ऐकण्यात सोळा. मावशींना दहा, आणि वाचनात मुलीपेक्षा दोन जास्त; ते मुलगी अजून मान्य करत नाही. वर्गातली पाच मुले ऐकण्यात नापास झाली. सरांनी त्या पाचांचा सराव सुट्टीत रोज घेतला, माझ्यावर, घड्याळ लावून. ती पुढच्या खेपेला पास झाली. पण त्यांचे एक वर्ष माझ्या आणि सरांच्या खात्यावर गेले, हे मी विसरलेलो नाही आणि सरही विसरले नसावेत.

मावशी वाचनालयात गेल्या. मला एकदा तिथे नेले होते तेव्हा मी पाहिले. खिडकीशी खुर्ची, खुर्चीवर मावशी, मागच्या खुंटीवर मुलांच्या विसरलेल्या छत्र्या. कुणी छत्री मागायला आले की त्या आधी इंग्रजीत विचारत, रंग कोणता, मूठ कशी, कुठे बसला होता. बरोबर सांगितले की छत्री मिळे. एवढ्या वर्षांनी निदान तिथे तरी छत्री सापडू लागली.

मग खोलीत नवी यंत्रे आली. बारीक, चकचकीत, कॅसेट न लागणारी. मला कुणी वाईट म्हटले नाही. नुसते उचलून मागच्या खोलीत, मोडक्या बाकांच्या शेजारी ठेवले. वर्ष गेले, दुसरे गेले. तिसऱ्या वर्षी जुने सामान काढून टाकायची यादी करायची ठरली. हेडक्लार्क फिरत होते, आणि यादी लिहायला मावशी, कारण यादी इंग्रजीत लागे आणि त्यांचे अक्षर चांगले होते. नाव, नग, स्थिती असे रकाने.

'टेपरेकॉर्डर, एक. स्थिती लिहा, बंद,' हेडक्लार्क माझ्याकडे न बघताच म्हणाले.

'लावून बघते,' मावशी म्हणाल्या.

'अहो, कशाला? अजून सतरा बाक राहिलेत.'

त्यांनी ऐकले नाही. भिंतीशी जाऊन वायर लावली, गुडघ्यावर हात दाबून खाली बसल्या आणि बटण दाबले. माझ्या पोटात अजून छत्रीच होती. मी सगळा जोर लावला. दोन वर्षे नुसते पडून राहून रबर पुन्हा ढिले पडले होते, पण मी बोललो. गृहस्थ खिडकीशी आले.

'चालू आहे की,' हेडक्लार्क म्हणाले. 'चांगला बोलतोय. लिहा, चालू.'

मावशींनी हात वर केला, थांबा म्हणून. त्यांनी मान किंचित कलती केली. डबीवरची चिठ्ठी बघितली नाही, घड्याळ बघितले नाही. गृहस्थांचे पहिले वाक्य संपले, आणि खिडकीतली बाई रंग विचारायच्या आतच मावशींनी पेन्सिलीच्या तुकड्यावर बोट ठेवून मला थांबवले.

'चालू नाही. दमलाय तो,' त्या म्हणाल्या.

'मला तर काही फरक कळत नाही,' हेडक्लार्क म्हणाले.

'मलाही कळत नव्हता.'

स्थितीच्या रकान्यात त्यांनी इंग्रजीत चार शब्द लिहिले. हळू चालतो, नवा पट्टा हवा, असा त्याचा अर्थ. लिहून झाल्यावर त्यांनी ते मला मोठ्याने वाचून दाखवले, न अडखळता, सावकाश नव्हे, नेमक्या वेगात.

मित्रांनो, पट्टा येईल की मी भंगारात जाईन, ते अजून ठरलेले नाही. त्याचे मला आता फारसे वाटत नाही. इतक्या वर्षांत एका माणसाला माझा थकवा ऐकू आला, मला तेवढे पुरे आहे. तुमच्याकडे मागणे एवढेच: तुमच्या घरात, वर्गात, कामावर कुणी हळूहळू मऊ होत गेले, सगळ्याला हो म्हणू लागले, कमी बोलू लागले, तर लगेच त्याच्या चांगुलपणाचे कौतुक करू नका. आधी त्याच्याजवळ बसा. विचारा, दमलायस का? ज्याला विचाराल त्याला कदाचित उत्तर देता येणार नाही. म्हणून नीट कान देऊन ऐका.